धूळसुद्धा काढावी लागते

कॅमेरा घेऊन माणदेशात उतरलेल्या माणसाचं निम्मं काम माळच करतो. दहिवडीहून म्हसवडकडं जाणारा रस्ता असो की आटपाडीच्या पलीकडचं एखादं लवण. उन्हानं पांढरी पडलेली जमीन, बाभळीची विरळ सावली, मेंढरांच्या कळपामागं उठणारी धूळ, हे सगळं न बोलावता चौकटीत येऊन बसतं. वारा सुटला की पात्राच्या फेट्याचा शेमला हलतो. तो हलावा असं कुणी लिहिलेलं नसतं, त्याचे कुणी पैसे मोजलेले नसतात. दिग्दर्शकाचं नशीब चांगलं असेल तर नेमक्या वेळी लांबून एखादा मेंढपाळ हाळी देतो आणि प्रसंगाला जीव येतो.

अ‍ॅनिमेशनपट करणाऱ्याच्या नशिबात हा वारा नसतो. त्याच्यासमोर कोरा कागद, नाहीतर कोरा पडदा. धूळ हवी असेल तर धूळ काढावी लागते. तीही उठताना, पसरताना आणि खाली बसताना. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर दीड तासाच्या चित्रपटात १ लाख २९ हजार ६०० चौकटी होतात, आणि त्यातल्या एकाही चौकटीत आपोआप आलेलं असं काही नसतं. कुत्र्यानं शेपूट हलवायची की नाही, म्हातारीनं पदर सावरायचा की नाही, हेसुद्धा कुणाला तरी ठरवावं लागतं. ठरवायचं म्हटलं की 'का?' हा प्रश्न आलाच. त्याचं उत्तर रंगांकडं नसतं, संगणकाकडंही नसतं. ते गोष्टीत सापडतं, नाहीतर कुठंच सापडत नाही.

'कार्टून तर आहे, त्याला गोष्ट कशाला एवढी लागते? पोरांना रंग आणि उड्या पुरतात,' असं म्हणणारी शहाणी माणसं मला भेटली आहेत. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. हाडामांसाच्या नटांचा सिनेमा कच्च्या गोष्टीवरही काही काळ तग धरतो. एखाद्या नटीचे डोळे, एखाद्या नटाचा आवाज, मागचा डोंगर, यांच्या आधारानं आपण तास-दीड तास काढतो. चित्रातल्या चेहऱ्यामागं माणूस उभा नसतो. तिथं चेहरा हसतो तो केवळ हसण्याला कारण आहे म्हणून. कारण काढून घेतलं की उरतात त्या हलणाऱ्या रेघा, आणि हलणाऱ्या रेघांचा कंटाळा चार वर्षांच्या पोरालाही येतो.

समोर काही नसताना सगळं उभं करायची विद्या आमच्या मुलखाला नवी नाही. धनगरांची ओवी ज्यांनी रात्रभर बसून ऐकली आहे त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. बिरोबाच्या देवळापुढं घोंगडी पसरलेली, ढोल तापवून घेतलेला, एक मुख्य गाणारा आणि त्याची ओळ उचलणारे झीलकरी. थोडा वेळ गाणं, मग गाणं थांबवून सरळ सांगणं, पुन्हा गाणं. पडदा नाही, सोंग नाही, दिव्यांची करामत नाही. तरी रान उभं राहतं, मेंढरं चालू लागतात, देव जन्माला येतो आणि आईपासून तुटतो. जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोंथायमर वर्षानुवर्षं महाराष्ट्रातल्या धनगरांमध्ये हिंडले, त्यांच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या, त्यांवर ग्रंथ लिहिले. परदेशी पंडिताला इतकी वर्षं धरून ठेवणारी ताकद त्या ढोलात जेवढी होती त्याहून अधिक त्या सांगण्यात होती.

आणि ऐकायला कोण असतं? मांडीवर पेंगणारं तान्हं असतं, तंबाखू मळणारा बाप असतो, काठीवर हनुवटी टेकलेला म्हातारा असतो, लेकीसुना असतात. लहान मुलांची ओवी वेगळी आणि मोठ्यांची वेगळी, अशी वाटणी तिथं कुणी केली नाही. त्या गोष्टींत उपास आहे, मत्सर आहे, ताटातूट आहे, मरण आहे. पोरं त्यातलं त्यांना झेपेल तेवढं उचलतात, बाकीचं मोठेपणासाठी ठेवून देतात.

आमच्या घरी हे काम आजीकडं होतं. तिची एक अट होती: ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा. दोन वाक्यं झाली आणि अंधारातून 'हं' आला नाही की ती गप्प व्हायची. मग कुणी तरी घाईनं विचारायचं, "आज्ये, फुडं काय झालं?" आणि ती म्हणायची, "मला वाटलं निजला सारी." या हुंकारावरून तिला कळायचं की गोष्ट कुठं सैल पडली. तिथं ती आवाज बदलायची, वाघ जरा आधी आणायची.

तिची भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परत येणाऱ्या म्हातारीची गोष्ट मराठी मुलखात सगळ्यांनाच ठाऊक आहे. वाळकी म्हातारी लेकीकडं निघते, वाटेत वाघ-कोल्हा अडवतात, ती म्हणते की लेकीकडं जाऊन जरा अंग धरून येते, मग खा. लहानपणी मला त्या गोष्टीत वाघ दिसायचा, भोपळा दिसायचा. आजीला त्यात काय दिसत होतं ते मला फार उशिरा उमगलं. पाऊस हुकलेल्या वर्षी, घरात हुलगा-मटकीही मोजून शिजत असताना, म्हातारं माणूस लेकीच्या घरी चार दिवस पोटभर जेवून येतं, या वाक्याचा अर्थ दुष्काळी भागातल्या बाईला समजावून सांगावा लागत नाही. एकाच गोष्टीत पोराला वाघ मिळाला आणि म्हातारीला लेकीचं घर मिळालं. दोघांनाही पूर्ण गोष्ट मिळाली, कुणाच्याही वाट्याला उरलंसुरलं आलं नाही. कौटुंबिक चित्रपट म्हणजे याहून वेगळं काय असतं?

परवा भाच्याच्या मोबाईलवर हीच गोष्ट कार्टूनमध्ये पाहिली. भोपळा सुरेख होता, चकाकत होता. वाघाच्या अंगावरचा केस न् केस दिसत होता. म्हातारी मात्र आधीपासूनच गुटगुटीत होती. ती लेकीकडं का निघाली हे करणाऱ्यांनी स्वतःला विचारलंच नव्हतं. भाच्यानं बोटानं चित्र पुढं ढकललं आणि दुसरं काही लावलं. त्यानं हुंकार दिला नाही एवढाच त्याचा अर्थ.

या कलेची आपल्या देशातली जन्मकथाच आपल्याला हे शिकवते, आणि ती कथा महाराष्ट्रातली आहे. दादासाहेब फाळक्यांना पहिला चित्रपट करायचा होता तेव्हा हाताशी भांडवल नव्हतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची थोडी थोडी छायाचित्रं घेत १९१२ साली एक छोटी फिल्म केली. पडद्यावर बी रुजतं, कोंब येतो, रोप वर चढतं, हे बघता बघता घडताना पाहून पैसे देणारा माणूस थक्क झाला आणि त्यानं भांडवल दिलं. पण त्या भांडवलातून फाळक्यांनी वाटाण्यांचा मोठा चित्रपट काढला नाही. त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला: शब्दासाठी राज्य सोडणारा बाप, विकली जाणारी आई, मरणाच्या दारातून परतणारा मुलगा. ३ मे १९१३ रोजी तो लोकांसमोर आला. चमत्कारानं सावकार पटला, पण माणसं तिकीट काढून आली ती एका घराची गोष्ट पाहायला. पुढं १९१५च्या सुमारास त्याच फाळक्यांनी आगकाड्या नाचवून दाखवणारी 'आगकाड्यांची मौज' केली. ती मौजच राहिली. हरिश्चंद्राची आठवण मात्र शंभर वर्षं टिकली.

१९३४ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत रघुनाथ केळकरांनी 'जंबुकाका' नावाचं कोल्ह्याचं कार्टून केलं. आपल्याकडच्या अगदी सुरुवातीच्या कार्टूनपटांत त्याची गणना होते. त्याच वर्षी अमेरिकेत वॉल्ट डिस्नेनं आपल्या चित्रकारांना जमवलं आणि हिमगौरीची संपूर्ण गोष्ट एकट्यानं, प्रत्येक पात्राचा आवाज काढत, तोंडी सांगितली. चित्रपट पूर्ण व्हायला १९३७ साल उजाडलं, तरी त्या रात्रीचं सांगणं चित्रकारांच्या डोक्यातून गेलं नाही, असं त्यांच्यापैकी काहींनी पुढं नमूद केलं आहे. जगातला सर्वांत मोठा कार्टून कारखाना उभा करणारा माणूससुद्धा रेघ ओढण्याआधी ओवीकराच्या जागी जाऊन बसला होता.

संगणक आल्यावर हे बदललं असेल, असं कुणाला वाटेल. 'टॉय स्टोरी' हा संपूर्णपणे संगणकावर केलेला जगातला पहिला कथापट. १९९३च्या नोव्हेंबरमध्ये त्याचा कच्चा आराखडा डिस्नेच्या वरिष्ठांना दाखवला गेला आणि त्यांनी काम थांबवलं. यंत्रं बिघडली नव्हती, तंत्र तयार होतं. अडचण एवढीच होती की वुडी नावाचा नायक इतका खडूस, टोचून बोलणारा झाला होता की त्याच्याबद्दल कुणाला काही वाटेना. मंडळींनी गोष्ट पुन्हा लिहिली. वुडीचा तोरा तसाच ठेवला, पण त्याच्या खाली असलेली भीती वर आणली: नवं खेळणं आलं, आता आपली जागा जाणार. १९९५ साली चित्रपट आला. आज त्यातल्या माणसांची कातडी प्लॅस्टिकसारखी दिसते, कुत्रा लाकडी वाटतो. तरी धाकट्याच्या बारशात कोपऱ्यात उभा राहिलेला थोरला आणि कारभार सुनेच्या हाती गेलेली सासू, दोघंही तो चित्रपट आजही स्वतःचा म्हणून पाहू शकतात. तंत्र तीस वर्षांत म्हातारं झालं. भीतीचं वय वाढलं नाही.

आठ वर्षांनी आलेल्या 'फाइंडिंग नेमो'त पोराला रंगीत मासे दिसतात आणि बापाला आपलीच कासाविशी दिसते: लेकराला जपता जपता त्याचा श्वास आपणच कोंडतोय की काय. 'बॅम्बी'त आई मरते, 'द लायन किंग'मध्ये बाप मरतो. मुलांच्या चित्रपटात मरण कशाला, असं विचारणाऱ्यांनी दुष्काळात दावणीची जनावरं विकली जाताना पाहणारी आमची पोरं एकदा पाहावीत. मुलांना दुःख ठाऊक असतं, त्याचं नाव ठाऊक नसतं. चांगली गोष्ट ते नाव देते, तेही आई-बाप शेजारी बसलेले असताना.

आता आपल्याकडच्या एका सवयीबद्दल. २००५ साली व्ही. जी. सामंतांचा 'हनुमान' चालला आणि नंतर देवादिकांच्या कार्टूनपटांची रांग लागली. त्यात वाईट काही नाही. पण पुष्कळांनी असा हिशेब केलेला दिसतो की गोष्ट लोकांना माहीतच आहे, मग आपण फक्त गदा आणि आकाश चांगलं काढू. माहीत असलेली गोष्ट सांगणं हे तर सर्वांत अवघड काम, आणि ते कसं करायचं याचा धडा आमच्याच मातीत आहे.

औंध संस्थान आठवा. आटपाडी महाल त्याच संस्थानात होता. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार. १९१६ साली त्यांचं 'चित्ररामायण' छापून आलं: एकेक प्रसंग, एकेक चित्र. याच संस्थानाच्या मुलखात शेटफळ्याला १९१९ साली जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीसाठी 'गीतरामायण' लिहिलं, सुधीर फडक्यांनी त्याला चाली दिल्या. ५६ गीतं, वर्षभर. रेडिओवर तर रेघही दिसत नाही. गोष्टीतला पुढचा प्रसंग प्रत्येकाला पाठ. तरी घराघरांत माणसं रेडिओभोवती बसली. का बसली? गदिमांनी दर वेळी ठरवलं की आज कोण बोलणार. कधी कौसल्या, कधी दशरथ, कधी नावाडी, कधी शूर्पणखा, कधी कुंभकर्णसुद्धा. आणि सगळ्याच्या मुळाशी त्यांनी जी बैठक मांडली तिला तोड नाही: दोन मुलं बापासमोर बापाचीच गोष्ट गात आहेत, आणि ही आपलीच मुलं आहेत हे त्याला ठाऊक नाही. ऐकणाऱ्याला सगळं ठाऊक असूनही त्याच्या घशाशी आवंढा येतो, तो या मांडणीमुळं.

युगो साको या जपानी माणसानं राम मोहन या आपल्या ज्येष्ठ अ‍ॅनिमेटरला बरोबर घेऊन १९९२ साली रामायणाचा अ‍ॅनिमेशनपट केला. तो जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि लहानपणी टीव्हीवर तो पाहिलेले लोक आपापली पोरं घेऊन गेले. त्याच वर्षी 'महावतार नरसिंह' या अ‍ॅनिमेशनपटाला गर्दी झाली. मला वाटतं, खांब फुटण्याच्या प्रसंगाइतकीच ताकद त्या कथेतल्या घरगुती पेचात आहे: बाप एक म्हणतो, लेकरू त्याच्यापुढं न घाबरता दुसरं म्हणतं. प्रत्येक घरात हा प्रसंग राक्षसाशिवाय घडतच असतो.

शिकवण द्यायची असली तरी रस्ता गोष्टीतूनच जातो. आटपाडीजवळ औंध संस्थानानं १९३९ साली स्वतंत्रपूर ही भिंती नसलेली कैद्यांची वसाहत उभी केली. तिच्यावर अहवाल लिहिता आला असता. गदिमांनी त्यातून सहा खुनी कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा जेलर अशी कथा रचली. पहारेकरी काढून घेतले आणि त्या जागी फक्त दोन डोळ्यांचा धाक ठेवला. त्या कथेवरचा व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' १९५७ साली आला, पुढच्या वर्षी बर्लिनमध्ये त्याला रौप्य अस्वल मिळालं. त्या चित्रपटाचे संगीतकार वसंत देसाई. १९७४ साली विजया मुळे यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी, भीमसेन यांच्या अ‍ॅनिमेशनसह केलेल्या 'एक अनेक और एकता' या छोट्या कार्टूनलाही संगीत त्यांचंच. त्या कार्टूनचा विषय पाठ्यपुस्तकातला, एकीचं बळ. पण मुळेबाईंनी भाषण केलं नाही. एक भाऊ प्रश्न विचारतो, ताई जाळ्यासकट उडालेल्या पक्ष्यांची गोष्ट सांगते. दूरदर्शनच्या काळातली माझ्या पिढीची माणसं ती आजही तोंडपाठ सांगतात.

एवढं सगळं जवळ असताना माणदेशाचा स्वतःचा अ‍ॅनिमेशनपट का असू नये? साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारं व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' वानरांच्या टोळीतल्या सत्तेच्या लढाईवर आहे, आणि त्यातली वानरं वानरांसारखीच वागतात. त्यांच्याच 'बनगरवाडी'त कोवळ्या वयाचा मास्तर धनगरांच्या वस्तीवर येतो, शाळा जमते, तालीम उभी राहते, मग पाऊस पाठ फिरवतो आणि वाडी रिकामी होते. पैशाचं कारण आता फारसं चालणार नाही. लॅटव्हिया या चिमुकल्या देशातल्या गिंट्स झिलबालोडिसनं 'फ्लो' हा चित्रपट ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केला. पूर आलेलं जग, एक मांजर, एक होडी, आणि एकाही पात्राच्या तोंडी शब्द नाही. २०२५ साली सर्वोत्तम अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर त्यानं मोठमोठ्या स्टुडिओंच्या पुढ्यातून उचललं. त्यांची गोष्ट पाणी जास्त झाल्याची आहे, आपल्याकडं पाणी नसल्याची आहे. मांजराच्या जागी एखादं मागं राहिलेलं कोकरू घ्या, माण नदीचं कोरडं पात्र घ्या.

म्हणून आटपाडीत, दहिवडीत, म्हसवडला संगणक घेऊन बसलेल्या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं आहे. आधी गावातल्या ओवीकराकडं जा. तो म्हातारा झाला असेल, त्याचं सांगणं मोबाईलवर मुद्रित करून ठेवा. मग तुमची गोष्ट पहिली रेघ ओढण्याआधी तोंडानं सांगून बघा, समोर एक सहा वर्षांचं पोर आणि एक सत्तरीची बाई बसवून. दोघांचाही हुंकार शेवटपर्यंत आला तर खुशाल कामाला लागा. दोघांतलं एक जरी पेंगलं तर गोष्ट पुन्हा रचा. लाखभर चौकटी काढून झाल्यावर ती दुरुस्त करणं कुणालाच परवडत नाही.